१४९ कवट्यांची साक्ष

इरावतीबाई कर्वे हे नाव उच्चारले की महाराष्ट्रातील सुशिक्षित वाचकाच्या मनासमोर ‘युगान्त’ उभे राहते, क्वचित पंढरीच्या वाटेवरील त्यांचा तो सुप्रसिद्ध लेख आठवतो, आणि ज्यांचे पुण्याशी जुने लागेबांधे आहेत त्यांना शहरातून निःसंकोच स्कूटर चालवीत जाणारी एक धिप्पाड, निर्भय विदुषी आठवते; परंतु ह्याच बाईंनी, वयाची पंचविशी जेमतेम गाठत असताना, बर्लिनच्या दालेम ह्या उपनगरात बसून, वंशश्रेष्ठत्वाला शास्त्राची सनद मिळवून देण्यास निघालेल्या एका बलाढ्य संस्थेच्या अधिपतीला, त्याच्याच मोजमापांनी आणि त्याच्याच भाषेत, त्याचे अनुमान खरे ठरत नाही असे लेखी कळविले होते, ही हकीकत आपल्या सार्वजनिक स्मरणाच्या दप्तरात फारशी रुजू झालेली दिसत नाही. महाभारतावर लिहिणारी स्त्री आपल्याला समजते, कवट्या मोजणारी स्त्री आपल्याला कोठे ठेवावी ते समजत नाही, असाच ह्या विस्मृतीचा अर्थ मी घेतो.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातील म्यिंज्यान येथला. वडील गणेश हरी करमरकर तेथे कापसाच्या कंपनीत अभियंता होते, आणि मुलीला नाव मिळाले ते त्या देशाच्या महानदीचे. सातव्या वर्षी ती पुण्याच्या हुजूरपागेत आली, रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढली, १९२६ साली फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाली आणि मुंबईस डॉ. घुर्ये ह्यांच्या हाताखाली तिने चित्पावन ब्राह्मणांवर, म्हणजे आपल्याच ज्ञातीवर, प्रबंध लिहिला. ह्या ज्ञातीत घाऱ्या डोळ्यांचा आणि गोऱ्या कातडीचा अभिमान किती मुरलेला होता, आणि समुद्रातून वाहत आलेल्या प्रेतांना परशुरामाने सजीव केल्याच्या कथेपासून थेट कोठल्या तरी परद्वीपस्थ पूर्वजांपर्यंत आपल्या उगमाच्या किती कैफियती तिने रचल्या होत्या, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढील प्रसंगाचे मोल अधिक कळेल. पतिराज दिनकर धोंडो कर्वे स्वतः जर्मनीत शिकून आलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यांचा पूर्ण पाठिंबा होता. विधवांच्या आणि मुलींच्या शिक्षणासाठी ज्यांनी देह झिजविला त्या सासऱ्यांना, महर्षी अण्णांना, मात्र सुनेने परदेशी जावे हे मानवले नाही. मोठ्या माणसांच्या उदारतेलाही कोठे तरी घराचा उंबरठा लागतोच. अखेर जीवराज मेहता ह्यांनी कर्जाऊ रक्कम दिली आणि १९२८ साली इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

ज्या संस्थेत त्या दाखल झाल्या ती कैसर विल्हेल्म मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजाशास्त्र संस्था आदल्याच वर्षी, १९२७ साली, उघडली होती आणि तिचे संचालक होते ओयगेन फिशर. हा गृहस्थ कोणी गल्लीतला द्वेष्टा नव्हता; युरोपातील शास्त्रीय जगतात त्याचा शब्द प्रमाण मानला जाई. आजच्या नामिबियात, जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला त्याच कालखंडाच्या अखेरीस, १९०८ साली, तो रेहोबोथ येथे गेला, तेथील मिश्रसंततीच्या कुटुंबांची मोजमापे घेऊन आला, आणि १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा संकराविरुद्ध त्याने शास्त्राच्या नावाने कौल दिला. १९२१ साली दोघा सहकाऱ्यांसह त्याने लिहिलेले आनुवंशिकतेचे पाठ्यपुस्तक पुढे राज्यकर्त्यांच्या हाती पडले आणि त्याचे काय झाले हे जगाने पाहिले आहे. अशा गुरूने नव्या शिष्येला जो विषय दिला तो वरकरणी अगदी निरुपद्रवी होता: मनुष्याच्या कवटीच्या डाव्याउजव्या अर्धांत जी स्वाभाविक विषमता आढळते तिचा अभ्यास. पोटात दडलेली अपेक्षा अशी की, गौरवर्णी युरोपीयांच्या कवटीतील ही विषमता मेंदूच्या पुढील भागाच्या विशेष वाढीची, आणि म्हणून विशेष तर्कबुद्धीची, निशाणी ठरावी, आणि इतर वंशांच्या कवट्यांत ती उणी निघावी.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या घेतल्या. युरोपीय होत्या, युरोपबाहेरच्याही होत्या. आणि त्या काळी अशा संग्रहांत वसाहतींतील माणसांची डोकी कोणत्या मार्गांनी येऊन पडत हे आता पुरेसे उघड झालेले असल्यामुळे, त्या फडताळांसमोर उभ्या राहिलेल्या, स्वतः एका पराधीन देशाच्या नागरिक असलेल्या तरुणीच्या मनात काय आले असेल ह्याचा विचार केल्यावाचून राहवत नाही. तिने मात्र मनात आलेले लिहिले नाही, मोजलेले लिहिले. विषमता सर्वांत होती. कोठे उजवीकडे, कोठे डावीकडे, कोठे अल्प, कोठे ठळक. पण वंशाशी तिचा कसलाही सहसंबंध नव्हता. बाईंचे चरित्र त्यांची नात ऊर्मिला देशपांडे आणि थियागो पिंतो बार्बोझा ह्यांनी २०२४ साली प्रसिद्ध केले. त्या चरित्रकारांच्या म्हणण्याप्रमाणे फिशरने ह्या प्रबंधाला उत्तीर्णतेची सर्वांत खालची श्रेणी दिली. पदवी नाकारता येईना, कारण मोजणीत चूक सापडेना. आणि शाबासकी देववेना, कारण निष्कर्ष सोयीचा नव्हता. गुरूची नाराजी इतक्या अचूकपणे नोंदविणारा दुसरा दाखला विद्यापीठांच्या इतिहासात विरळाच असेल.

ह्या प्रसंगाचे वर्णन करताना धैर्याचे पोवाडे गाण्याचा मोह होतो, आणि धैर्य तर होतेच. परंतु मला त्यात अधिक मोलाचे वाटते ते बाईंचे शास्त्रावरील इमान. वंशवादाला नीतीच्या भूमिकेवरून उत्तर देणारे पुष्कळ होते आणि त्यांची उत्तरे फिशरसारख्यांना भावुकतेची वाटत. इरावतीबाईंनी प्रतिपक्षाचे गृहीत धरलेले प्रमाण प्रामाणिकपणे मान्य केले, त्याच प्रमाणाने शेवटपर्यंत चालत गेल्या आणि तेथे काहीच नाही असे दाखवून दिले. ज्याने मोजपट्टी हाती दिली त्याला मग मोजपट्टी खोटी म्हणण्याचीही सोय उरली नाही. पुढे १९३३ साली फिशर बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. १९३७ साली ऱ्हाइन प्रांतातील शेकडो मिश्रवर्णीय मुलांचे सक्तीने निर्बीजीकरण झाले त्या कामी त्याच्या संस्थेने तज्ज्ञ पुरविले. त्याच्या जागी १९४२ साली आलेल्या फेर्शुअरकडे त्याचा जुना साहाय्यक मेंगेले आउश्वित्झच्या छळछावणीतून मानवी अवयवांचे नमुने पाठवीत असे. संस्थेच्या दारात पंधरा वर्षांपूर्वी रुजू झालेला एक छोटा प्रबंध हे सर्व थोपवू शकला नाही. शास्त्रीय सत्याकडून तेवढी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. मात्र जे घडले ते अज्ञानातून घडले, त्या काळी कोणाला ठाऊकच नव्हते, ही सबब त्या प्रबंधाने कायमची काढून घेतली.

आपल्याकडे परिस्थिती कशी होती? हर्बर्ट रिस्ले ह्या इंग्रज अंमलदाराने १८९१ पासून नाकाच्या रुंदीउंचीचे प्रमाण काढून असा शोध लावला होता की, हिंदुस्थानात ज्या जातीचे नाक जितके बसके तितकी तिची पायरी खालची. आणि १९०१ सालच्या खानेसुमारीचा तोच आयुक्त असल्यामुळे जातींच्या उच्चनीच क्रमाला सरकारी कचेरीचा शिक्का मिळाला, आणि आपापली पायरी वर चढवून घेण्यासाठी जातोजातींचे अर्ज कचेरीत पडू लागले. लोकमान्यांनी १९०३ साली वेदांचे मूळ वसतिस्थान उत्तरध्रुवाकडे नेले. त्याआधी तीस वर्षे, १८७३ साली, महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’त आर्य भटांना परकीय आक्रमक ठरवून त्याच कथेची दुसरी बाजू शूद्रातिशूद्रांच्या हाती शस्त्र म्हणून दिली. दोघांचे हेतू परस्परविरुद्ध, आणि फुल्यांच्या हेतूमागील न्यायबुद्धीविषयी कोणाला शंका नसावी; पण आर्य नावाचा एक वेगळा वंश होता आणि जात ही त्याच्या रक्ताची खूण आहे, हे गृहीत दोन्हीकडे सारखेच शिरले. ते गृहीतच उखडण्याचे काम डॉ. आंबेडकरांनी केले. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात त्यांनी जातीचे मर्म अंतर्विवाहात शोधले. १९३६ सालच्या न झालेल्या लाहोरच्या भाषणात, पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत आणि मद्रासचा ब्राह्मण व मद्रासचा परिया हेही तसेच, असे रोखठोक मांडले. आणि १९४८ साली अस्पृश्यतेच्या मुळाविषयी लिहिताना नाकांच्या मोजमापांचेच आकडे रिस्लेच्या सिद्धांतावर उलटविले. दालेममध्ये एका मराठी बाईने जी रीत अवलंबिली तीच रीत पुढे एका मराठी पुरुषाने अवलंबिली, आणि दोघांचा एकमेकांशी ह्याबाबत काही पत्रव्यवहार झाला असता तर काय बहार आली असती, असे उगीचच वाटते.

मोजपट्टी मात्र इरावतीबाईंनी टाकली नाही. १९३९ साली त्या डेक्कन कॉलेजात आल्या, पुढे वि. म. दांडेकरांसह त्यांनी महाराष्ट्रातील मोजमापांचा ग्रंथ १९५१ साली सिद्ध केला. रक्तगट तपासले, आणि खेड्यापाड्यांत माणसांची उंची, डोके, नाक मोजीत त्या हिंडल्या. नंदिनी सुंदर ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी ह्यावर आणि बाईंच्या हिंदुकेंद्रित दृष्टीवर टीका केली आहे. मुसलमान समाजाविषयी त्यांनी जे काही लिहिले त्यात आजच्या वाचकाला खटकेल असे बरेच आहे, आणि ते झाकून ठेवण्यात त्यांचा मान राखला जात नाही. पण मोजणे हेच पाप, असे जे अलीकडे मानले जाते ते मला पटत नाही. मोजून त्यांनी काय काढले ते पाहावे. घुर्ये गुरुजींचे मत असे की मूळच्या मोठ्या समूहाचे तुकडे होऊन पोटजाती झाल्या. शिष्येचे म्हणणे नेमके उलट, की निरनिराळ्या मुळांचे लहान लहान सोयरगट एका नावाखाली शेजारी येऊन बसले. थोरचाके कुंभार आणि लहानचाके कुंभार दोघेही मडकी घडवितात, पण चाक वेगळे, सोयरिकी वेगळ्या. कैलाश मल्होत्रा ह्यांच्यासह १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तर त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजाती घेतल्या, समाजाने एकाच पायरीवर बसविलेल्या, आणि शरीरलक्षणांनी त्या परस्परांपासून भिन्न असल्याचे दाखविले. म्हणजे ‘ब्राह्मण रक्त’ नावाची वस्तूच पुराव्यात सापडेना. चित्पावनांवर प्रबंध लिहून सुरुवात केलेल्या बाईंनी, मृत्यूच्या दोनच वर्षे आधी, आपल्या ज्ञातीच्या गर्वावर पडदा टाकला तो असा. आणि त्याचीही मराठीत फारशी वाच्यता झाली नाही.

हा विषय मी वऱ्हाडात बसून काढतो आहे ह्याला कारण आहे. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर, महानुभावांचे परमेश्वरपूर, येथे आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी येथेच बसून, साक्षीदारांचे जाबजबाब घेत घेत, सिद्ध केला. परंपरा त्याला शके १२०० हा काळ देते. विद्यापीठासाठी ह्याहून योग्य भूमी कोणती, असे सर्वांनी म्हटले आणि ते खरेच आहे. मात्र ह्या भूमीचा वारसा केवळ भाषेचा नाही, हे त्या गजरात थोडे मागे पडले. येथले गोविंदप्रभू, लोकांचे गुंडम राऊळ, जन्माने काण्व ब्राह्मण. पण महारामांगांच्या घरांत ते बेधडक शिरत आणि सोवळ्याओवळ्याची सारी मांडणी वेड्याच्या सहजतेने उधळून लावीत, हे त्यांच्या चरित्रात जागोजाग नोंदलेले आहे. त्यांचे शिष्य चक्रधर तर भडोचचे, गुजरातेतील एका प्रधानाचे पुत्र हरिपाळदेव. आणि पंथाची श्रद्धा अशी की, त्या हरिपाळाच्या मृत देहात फलटणच्या चांगदेव राऊळांनी प्रवेश केला. देह एकाचा, आत प्रवेशलेला दुसरा, मुलूख गुजरातचा आणि वाणी मराठी! ज्या पंथाचा प्रवर्तकच असा, त्याला रक्ताच्या शुद्धीचे तत्त्वज्ञान परवडणारे नव्हते. नागदेवाचार्यांनी आपल्या पंडित शिष्यांना संस्कृतात लिहू नका म्हणून बजावले ते म्हाताऱ्याकोताऱ्या बायाबापड्या ज्ञानाला मुकतील म्हणून. आणि ह्याच रिद्धपुरात महदाइसेने धवळे रचले. ज्ञान आणि भाषा ही दोन वेगळी खाती आहेत असे त्या मंडळींना वाटले नव्हते.

पुढेही ह्या जिल्ह्याने ती वाट अगदीच सोडली नाही. दालेमची संस्था उघडली त्याच १९२७ साली अमरावतीत अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून चळवळ उभी राहिली, आणि तिच्या अग्रभागी असलेले भाऊसाहेब, म्हणजे पंजाबराव देशमुख, विलायतेत वैदिक वाङ्मयातील धर्मविकासाचे संशोधन करून आलेले होते. त्याच वर्षी त्यांनी कुणबी असून सोनाराच्या मुलीशी विवाह केला. वेदांचा अभ्यास करून माणूस वंशाभिमानीच होतो असे नाही, एवढे तरी ह्यावरून सिद्ध होते.

तेव्हा माझे म्हणणे असे की, रिद्धपूरच्या विद्यापीठाने भाषा, वाङ्मय, लिपी, हस्तलिखिते ह्यांच्या जोडीला मानवशास्त्र आणि आनुवंशिकी हे विषय मराठीतून शिकविण्याचे काम हाती घ्यावे, आणि त्याचा प्रारंभ इरावतीबाईंच्या त्या जर्मन प्रबंधाच्या सटीप मराठी आवृत्तीने करावा. भाषा विद्यापीठात शास्त्र कशाला, असे कोणी विचारील. अभिजात दर्जाचे फर्मान ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाले, आता प्राचीन ग्रंथ सांभाळावेत, हेच त्याचे काम, असेही कोणी म्हणेल. पण जी भाषा केवळ आपल्या प्राचीनतेवर जगते तिला सांभाळणारे राहतात, बोलणारे राहत नाहीत. मराठीत परिभाषा नाही ही तक्रार तर इरावतीबाईंपुढे करण्याची सोयच नाही. ‘मराठी लोकांची संस्कृती’ लिहिताना त्यांना इंग्रजीच्या कुबड्या फारशा लागल्या नाहीत.

आणि शिकविण्यासारखे पुष्कळ आहे. रिचर्ड लेवॉन्टिन ह्या उत्क्रांतिशास्त्रज्ञाने १९७२ साली जगभरच्या माणसांतील रक्तगटांचे आणि प्रथिनांचे भेद तपासून दाखविले की, मानवी विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग कोणत्याही एका समूहाच्या आतच सापडतो आणि ज्यांना आपण वंश म्हणतो त्यांच्या दरम्यान अवघा ६ टक्क्यांच्या आसपास उरतो. त्यावर एडवर्ड्स ह्यांनी २००३ साली आक्षेप घेतला की, पुष्कळ जनुके एकत्र विचारात घेतली तर एखाद्याचे पूर्वज कोठले हे सांगता येते. आक्षेप बरोबर आहे. पण पूर्वज कोठले हे सांगणे आणि कोण श्रेष्ठ हे सांगणे ह्यांत जे अंतर आहे ते कोणतीही जनुकीय चाचणी ओलांडू शकत नाही. आपल्या देशापुरते बोलावयाचे तर हैदराबादच्या शास्त्रज्ञांच्या सहभागाने २०१३ साली झालेल्या अभ्यासाने असे दाखविले की, सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात ह्या भूमीवरील माणसे मुक्तपणे एकमेकांत मिसळली आणि नंतर दारे बंद झाली. ज्या शुद्धतेची आपण लग्नाच्या जाहिरातींत फुशारकी मारतो, ती बंद दारांमागे उरलेली भेसळच आहे.

बंद दारांची किंमत काय असते हे विदर्भाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. सिकलसेल हा रक्तविकार येथील गोंड, परधान, माडिया समाजांत आणि महार समाजातही, तसेच इतर अनेक जातींत आढळतो. अमेरिकेत पुष्कळ काळ हा काळ्यांचा रोग समजला गेला. पण ग्रीसमधील ओर्खोमेनोसच्या गोऱ्या शेतकऱ्यांत तो आहे, अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, आणि दक्षिण आफ्रिकेतील खोसा लोकांत जवळजवळ नाही. त्याचा माग वंशाने लागत नाही, हिवतापाने लागतो: आईबापांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळाले तर मूल हिवतापापासून बऱ्याच अंशी बचावते, हे १९५४ साली ॲलिसन ह्यांनी दाखविले, आणि म्हणून डासांच्या मुलुखांत, त्वचेचा रंग न विचारता, ते जनुक टिकून राहिले. दोघांकडूनही मिळाले की मात्र आयुष्यभराच्या वेदना पदरी येतात. आणि सोयरिकी जातीच्या कुंपणातच होत असल्यामुळे असे जुळून येण्याचा संभव वाढतो. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने २०४७ पर्यंत हा रोग हटविण्याची मोहीम जाहीर केली. तिचे खरे काम तपासणीच्या आकड्यांत नाही. लग्न ठरविणाऱ्या दोन घरांना, दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक इतका धोका असतो, हा कोणाच्या जातीचा दोष नाही, कोणाच्या कुळाचा कलंक नाही, हे अशा शब्दांत समजावून सांगण्यात आहे की मुलीच्या आजीलाही ते कळावे आणि मुलीला त्याची शिक्षा होऊ नये. गावोगाव फिरणाऱ्या आशाताईंच्या हाती त्यासाठी जे पुस्तक पडावयास हवे, ते इंग्रजी पत्रकावरून घाईने उतरविलेले नसावे. ते रिद्धपुरात, गोंडी आणि कोरकू बोलणाऱ्यांना शेजारी बसवून, मराठीत लिहिले जावे, आणि त्याचे पहिले प्रकरण १९२८ साली बर्लिनला गेलेल्या त्या बाईंवर असावे.